हिरव्या काठाचं फडकं

भार्गवीने चिमूटभर बाजरीचं पीठ गालाला लावलं, थोडं पदराला फासलं आणि विकत आणलेल्या तीळ लावलेल्या भाकऱ्या फडक्यातून काढून परातीत रचल्या. फडकं मिक्सरमागे दडवलं. हिरव्या काठाचं ते फडकं धुऊन परत दिल्याशिवाय भाकऱ्या विकणारी पद्माबाई पुढची भाकरी देत नसे. प्लास्टिकच्या पिशवीला हात लावायचा नाही, हा तिच्या धंद्याचा नेम होता.

लग्नानंतरची पहिली भोगी. कलबुर्गीतल्या या गल्लीत त्या दिवशी घरोघर भाकरी-भज्जीची, म्हणजे भाकरी आणि मिसळीच्या भाजीची ताटं जातात आणि सरस्वतीबाईंनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं, यंदा भाकऱ्या सुनेच्या हातच्या. सुनेच्या हातची भाकरी तर तव्यावर जायच्या आतच फाटायची. सासूबाईंची मान आपल्यामुळे खाली जाणार, या धास्तीने भार्गवीची झोप उडाली होती.

"झाल्या का गं?" सरस्वतीबाई दारात आल्या.

"झाल्या, आत्याबाई."

त्यांनी एक भाकरी उचलून उजेडात धरली.

"छान झाल्यात की! उगंच भ्यालीस."

ताटं गेली. समोरच्या सुकन्याकडून, शेजारच्या महादेवीअक्कांकडून आली. सगळ्या भाकऱ्या सारख्याच पातळ, सारख्याच गोल. भार्गवी कडगंचीच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायची. तिच्या विद्यार्थ्यांनी नुकतीच याच गल्लीत घराघरांतल्या खाण्यावरच्या खर्चाची पाहणी केली होती. विकतची भाकरी? 'आमच्यात न्हाई घेत,' असं प्रत्येक घराने सांगितलं. तिनेही तेच सांगितलं होतं. मग पद्माबाईला हाताखाली आणखी बायका कशा लागायल्या, हे कोडं काही तिला सुटलं नव्हतं.

संक्रांतीला घर जागं व्हायच्या आत ती धुतलेलं फडकं घेऊन गच्चीवर गेली. समोरच्या गच्चीवर सुकन्या दोरीपाशी उभी होती, हातात हिरव्या काठाचं फडकं. महादेवीअक्कांच्या दोरीवर एक, त्यापुढच्या गच्चीवर आणखी एक. आधी सुकन्याला हसू फुटलं, मग भार्गवीलाही आवरेना.

जिन्यात पावलं वाजली. तिने फडकं पाठीमागे लपवलं. सरस्वतीबाई वर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांच्याही हातात तसलंच ओलं फडकं होतं.

"तुम्ही कामून, आत्याबाई?"

"तुझा पैला सण," त्या अवघडून म्हणाल्या. "फाटल्या असत्या तर गल्लीत तुझं हसं झालं असतं. म्हणून मागवून ठेवल्या होत्या कपाटात. लागल्याच न्हाईत, मग मारुतीच्या देवळात वाटून आले."

भार्गवीचे डोळे भरून आले. एवढी माया आपल्यावर कुणी गुपचूप करत असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. तिने पाठीमागचा हात पुढे केला.

सरस्वतीबाईंनी फडक्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग समोर हसणाऱ्या सुकन्याकडे. दोन्ही फडकी त्यांनी दोरीवर शेजारी शेजारी टाकली.

"चिमटे लाव," त्या म्हणाल्या. "वारा सुटलाय. एक जरी उडालं, तर पुढच्या भोगीला काय करायचं आपण?"