दसऱ्याची तिकिटं

जयवंतनं ओला कापूस फिरवला तसा डाग निघायच्याऐवजी पसरला. तिकिटावरची परदेशी राणी मघापर्यंत नुसती कपाळाला लाल होती. आता तिचा अख्खा गाल पिवळा झाला.

"अरे, घासून घासून भोक पाडशील," त्याची बायको नलिनी खांद्यावरून वाकून म्हणाली.

"हळू बोल गं. आई ऐकेल."

"त्या नळावर गेल्यात. पण तो माणूस आत्ता येईल ना? मग?"

"मग काय. वाट लागली."

जयवंत पेडणेकर रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. डागांशी त्याची रोजचीच गाठ, टर्पेंटाइन लावलं की विषय संपला. पण पोस्टाच्या तिकिटाला टर्पेंटाइन लावायची त्याची छाती होईना.

तिकिटं त्याच्या वडिलांची. दशरथ पेडणेकर फोर्टमधल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत शिपाई होते. साहेबलोकांनी फाडून टाकलेली परदेशी पाकिटं ते घरी आणायचे, परातीतल्या पाण्यात भिजत घालायचे आणि सुटलेली तिकिटं पेपरावर वाळवून अल्बमात लावायचे. ना तंबाखू, ना पत्ते. एवढा एकच नाद. गेल्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा भांडुपच्या या खोलीत त्यांचं म्हणावं असं एक ट्रंकभर तिकिटंच उरली.

त्या ट्रंकेच्या जोरावर आई ताठ होती. "तेंनी माझी सोय करून ठेवलेली असा," असं ती चाळभर सांगायची. वर्षभरात तिनं जयवंतकडून स्वतःसाठी एक पैसा घेतला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, भाजी निवडताना अळी दिसत नव्हती, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "ता मी तिकिटांच्या पैशात करतलंय. तुझ्या संसारातला माका नको." जयवंतला त्याचा राग यायचा. पण सुनेच्या हातचं जेवणाऱ्या बाईला आपलं असं काहीतरी लागतं, हेही त्याला कळत होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि आईनंच विषय काढला, आता तिकिटं विकायची. जयवंतच्या मॅनेजरनं घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शहांचं नाव सुचवलं. ते तिकिटांचे व्यापारी, रविवारी सकाळी घरी येऊन बघतो म्हणाले. म्हणून जयवंतनं शनिवारी पहिल्यांदाच सगळे अल्बम नीट उघडले, तर सगळ्यात चांगल्या तिकिटांवरच लाल-पिवळे डाग.

दर दसऱ्याला पाटावर विळी, कोयता, शिवणाचं मशीन, जयवंतची शाळेची पुस्तकं मांडली जायची आणि त्यांच्या शेजारी हा अल्बम. बाबा त्या वर्षी मिळालेल्या सगळ्यात चांगल्या तिकिटाचं पान उघडून ठेवायचे. आई बोट पाण्यात बुडवायची आणि हळद-कुंकू लावायची. पानाला नव्हे, तिकिटालाच. वर्षानुवर्षं. लहानपणी त्याच्या डोळ्यांसमोर हे झालं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मग सांगून टाक ना आईंना," नलिनी म्हणाली.

"काय सांगू? की बाबांनी तुझ्यासाठी ठेवलं आणि तूच ते..." त्यानं पायात चपला सरकवल्या. "मी स्टेशनवर जातो. शहांना तिथंच गाठतो. म्हणतो, काय सांगायचं ते मला सांगा, आईसमोर तोंड उघडू नका."

तो धावत सुटला. स्टेशनबाहेर पुलाच्या पायऱ्यांशी उभा राहून त्यानं सफारी घातलेल्या प्रत्येक माणसाचं तोंड न्याहाळलं. दोन गाड्या गेल्या, तिसरी गेली. शहा काही उतरेनात. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, की पैसेवाला माणूस रविवारचा गाडीत कशाला चेंगरेल? तो रिक्षानं येईल.

टेकडी चढून तो धापा टाकत घरी पोचला, तर दाराशी रिक्षा उभीच. आत आई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, शिऱ्याची बशी पुढे केलेली होती आणि शहा भिंग लावून अल्बम बघत होते.

"या, पेडणेकर," शहा म्हणाले. "मानूस शौकीन होता हां तुमचा बाप. पन हे लाल-पिवळं काय हाय? जे चांगलं चांगलं तिकीट हाय, त्याच्यावरच."

"ओल," जयवंत घाईघाईनं म्हणाला. "पावसाची ओल आहे ती. इथं फार ओल येते." आणि आईकडे पाठ करून त्यानं शहांना हात जोडले.

शहांचं लक्ष भिंगात होतं. "ओल अशी गोल नसते. अने बरोबर मधोमध?"

नलिनीनं उगाचच स्टोव्ह बारीक केला.

"मधीच लावतत," आई म्हणाली.

शहांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना आता कळलं. माणूस वाईट नव्हता; बिचारा ओशाळून चष्मा पुसत बसला.

"हळदी-कुंकवान खराब झाली? खरा सांगा."

"बेन, डाग पडला की कोणी घेत नाय. बाकीची तिकिटं पोरं जमवतात तशी हायत. तुम्ही म्हनता तर मी ती..."

"नको. र्‍हवांदेत थंयच." मग ती जयवंतकडे वळली. तिला त्याचा चेहरा दिसत नसणार, नुसता आकार. "तेंका म्हायत असतला रे. तेच पान काढून देयत. म्हणत, ह्याका लाव. माका कधी नाय म्हणाक नाय."

बाबा पूजा झाल्यावर ते पान वाळेपर्यंत हातानं वारा घालत बसायचे, हे जयवंतला आठवलं. का, ते त्याला आज कळलं.

आईनं शहांना आग्रह करून शिरा खायला लावला, घाटकोपरला पोरंबाळं किती, सून कशी आहे, सगळं विचारलं. रिक्षा गेली. जयवंतनं अल्बम ट्रंकेत भरले. आता ही रडेल, म्हणून तो वाट बघत राहिला. पण ती रडली नाही. बराच वेळ रिकाम्या बशीवरून बोट फिरवत राहिली.

"जयवंता, त्या डोळ्याच्या डाक्टराक इचारून घे," ती म्हणाली. "पैशे तू घाल."

वर्षभर तो तिच्या तोंडून हेच ऐकायला आसुसला होता. आता ऐकलं, तर तिच्याकडे बघवेना.

"उद्याच विचारतो."

तिनं मान हलवली, बशी उचलली आणि भिंत चाचपत मोरीकडे गेली.