जागा खाणारी दारू

डिसेंबर लागला तरी स्मिता वर्तकच्या अंगातला उन्हाळ्याचा शीण गेला नव्हता. सकाळी बहरीनमधल्या ईसा टाउनच्या फ्लॅटचं दार ओढून घेताना तिला रोज वाटायचं, आज राहू दे. पण खाली तिचा नवरा शैलेंद्र गाडी सुरू करून बसलेला असायचा. त्याचं ऑफिस उत्तरेला, मीना सलमानच्या गोदीत. तरी तो रोज उलट्या वाटेनं आधी तिला दक्षिणेकडच्या ओसाड माळावरच्या नेमबाजी क्लबवर सोडायचा आणि मग परत फिरायचा. वाटेत दोघं फारसं बोलत नसत. जानेवारीअखेर दोघांचा व्हिसा संपत होता, तो आता वाढवून घ्यायचा नाही असं ठरलं होतं, आणि ठरल्यावर बोलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

स्मिता केमिस्ट्री शिकलेली. लग्नाआधी पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. बहरीनला आल्यावर काही वर्षं शाळेत शिकवलं, मग ओळखीतून या क्लबचं काम मिळालं. क्लबच्या सभासदांना रिव्हॉल्व्हरच्या सरावाला काडतुसं लागत. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी केस गोळा करायची, साफ करायची, तळाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, वरून मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, हे तिचं काम. पुण्यातले नातेवाईक अजूनही विचारत, तुझं ते दारूचं कसं चाललंय, आणि आपल्याच विनोदावर हसत. तिला हसू येणं केव्हाच बंद झालं होतं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तिनं ते पुण्याला गेल्यावर करू म्हणून पुढं ढकललं. चष्मा बदलला, टेबलावर जास्त उजेडाचा दिवा आणला, आणि क्लबला सांगितलं की माझ्या जागी कोणीतरी शिकायला घ्या.

घेतलं ते हुदाला. हुदा तिशीतली, इथलीच. वडिलांचं बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि दुकानात सगळे नोकर हिंदुस्थानी, त्यामुळं हिंदी तिला लहानपणापासून येत होतं. आधी ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. वजन करायची सवय होती, हात स्थिर होता आणि प्रश्न विचारायला लाजत नव्हती. दोघी हिंदीतच बोलत. हुदा तिला ‘मॅडम’ म्हणे.

पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला तो दारू कुठली वापरायची याचा. लोखंडी कपाटात दोन बरण्या होत्या. एकीतली दारू बारीक, जड, झटकन जळणारी. तिची चिमूटभर केसमध्ये टाकली की काम भागतं. वर भरपूर जागा रिकामी राहते. झटका कमी, नळीत काजळी कमी. सभासदांना तीच आवडे आणि स्मिता कित्येक वर्षं तीच वापरत आली होती. दुसऱ्या बरणीतली दारू फुललेली, पोह्यांच्या चुऱ्यासारखी. तिचं माप घातलं की केस अर्ध्याहून वर भरते. तिनं धूर जास्त होतो, हात काळे होतात. एकदा वापरून पाहिली तेव्हा सभासदांनी नाकं मुरडली होती.

स्मितानं हुदासाठी दुसरी निवडली. तिनं तसं ताहिरना सांगितलं. ताहिर क्लबचे मॅनेजर. स्वभावानं सज्जन, पण सभासदांच्या तक्रारींना फार घाबरत. ते म्हणाले की सोळा डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनानंतर लगेच क्लबचा रिव्हॉल्व्हरचा सामना आहे, अशा वेळी दारू बदलली तर सगळ्यांचा नेम हलेल, आणि मग त्यांना जाब विचारला जाईल. शेवटी जे वापरायचं तेच तिला शिकू द्या.

“आणि तुम्ही आहात की तिच्यावर लक्ष ठेवायला,” ते म्हणाले.

स्मिताला सांगायचं होतं की नवशिक्याच्या हातून एकाच केसमध्ये दोनदा माप पडू शकतं, आणि बारीक दारू दुप्पट झाली तरी केसमध्ये निवांत मावते, वरून पाहून पटकन कळतही नाही. असं काडतूस उडवलं तर रिव्हॉल्व्हरची काडतुसांची चकरी फुटते, धरणाऱ्याची बोटं जातात, कधी डोळा जातो. फुललेल्या दारूचं दुसरं माप केसमध्ये मावतच नाही, बाहेर सांडतं. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण ताहिरांना ते ठाऊक नव्हतं असंही नाही. तिनं एकदा खिडकीबाहेरच्या पिवळ्या माळाकडं पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे.

मग रोजचं सुरू झालं. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात केसेस ओळीनं उभ्या करायच्या, प्रत्येकीत माप ओतायचं, सगळ्या भरून झाल्या की टॉर्चनं प्रत्येक केसच्या आत पाहायचं, आणि मगच गोळ्या बसवायच्या. सामन्याच्या काडतुसांचं ओतणं आणि पाहणं स्मिता स्वतः करायची. हुदा गोळ्या बसवायची, डबे भरायची आणि स्मिता करते ते पाहायची.

सामना दहा-बारा दिवसांवर आला तेव्हाची गोष्ट. स्मिता ठोकळा भरत होती. मध्येच ताहिरांचा फोन आला, डबे किती झाले ते विचारायला. ती उठली, बोलली, परत येऊन बसली आणि उरलेल्या केसेस भरल्या. मग टॉर्च घेऊन एकेक पाहिली आणि ठोकळा हुदाकडं सरकवला.

“झालं. बसव गोळ्या.”

हुदानं ठोकळा पुढं ओढला, पण गोळी उचलली नाही. तिनं टॉर्च मागितली. वाकून पाहिलं, डोकं दुसऱ्या बाजूला करून पुन्हा पाहिलं.

“मॅडम, ही ओळ वेगळी दिसते. यात दारू वर आहे.”

स्मितानं चष्मा पुसून पाहिलं. तिला सगळ्या ओळी सारख्याच दिसल्या, प्रत्येक केसच्या तळाशी तोच करडा ठिपका. तिनं त्या ओळीतली एक केस उचलून तराजूच्या ताटलीत ओतली. आकडा दुप्पट आला. दुसरी ओतली, तीही दुप्पट. फोनवरून परत आल्यावर तिनं भरलेली ओळच पुन्हा भरली होती, आणि नंतर टॉर्चच्या उजेडात ती पाहून झालं म्हणाली होती.

हुदा म्हणाली की सापडलं ना, अल्लाचे आभार. ओळ रिकामी करू आणि पुन्हा भरू. पण स्मिता हलली नाही. तिला त्या ओळीचं काही वाटत नव्हतं. मागच्या भिंतीशी सामन्याचे डबे रचून ठेवले होते, सीलबंद, तारखा घातलेले. त्यातल्या प्रत्येक काडतुसाच्या आत फक्त तिनंच पाहिलं होतं, याच डोळ्यांनी.

ती तशीच ताहिरांच्या खोलीत गेली. बसा म्हटलं तरी बसली नाही. घडलं ते सांगितलं आणि म्हणाली, सगळे डबे फोडावे लागतील.

 ताहिरांनी विचारलं की बंद काडतुसं तराजूवर ठेवून जड तेवढी बाजूला काढता येणार नाहीत का. तिनं सांगितलं की नाही येणार. पितळेच्या केसेसच एकमेकींपेक्षा कमीजास्त वजनाच्या असतात, आणि दारू इतकी थोडी की तो फरक त्यात बुडून जातो. एकेक गोळी उपटूनच पाहावं लागेल.

“मिसेस वर्तक, इतकी वर्षं कधी काही झालं नाही.”

“माझे डोळे आत्ता गेलेत, इतकी वर्षं नव्हते गेलेले.” आवाज चढवायचं त्राणही तिच्यात नव्हतं. “तुम्ही म्हणाला होता की मी आहे. मी होते की. मीच भरलं आणि मीच तपासलं.”

ताहिर खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, सामन्याचं मी बघतो, तुम्ही फोडा.

गोळी उपटायचं हत्यार दिसायला हातोडीसारखं असतं. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठोकायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी निसटते, दारू आत सांडते, मग ती ओतून घ्यायची आणि तोलायची. एका काडतुसाला हे ठीक आहे. इथं डब्यामागून डबे होते. दोघी समोरासमोर बसल्या. स्मिता ठोकायची, हुदा तोलायची. मनगट दुखायला लागलं की अदलाबदल, पण तराजूचा आकडा हुदाच वाचायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी स्मिताला गाडीचं दार उघडता येईना, ते शैलेंद्रनं आतून उघडलं. त्यानं काय झालं ते विचारलं, तिनं सांगितलं. तो म्हणाला, आजवर काही झालं नाही हे नशीब. ती म्हणाली, हो. घरी जाऊन त्यानंच खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशीही तेच. हुदा आधी काहीबाही बोलत होती, वडिलांच्या दुकानातल्या गमती सांगत होती. दुपारनंतर ठोकणं आणि तोलणं तेवढं चालू राहिलं. रिकाम्या केसेसची टोपली भरत गेली. सगळं बरोबर निघत होतं, डब्यामागून डबा बरोबर. स्मिताच्या मनात येऊन गेलं की आपण उगाच सगळ्यांना वेठीला धरलं. ओळ चुकली ती एकदाच आणि ती वेळेवर सापडलीही. मनगटाला क्रेप बँडेज बांधून ती ठोकत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हुदानं तराजूवरची ताटली लगेच उचलली नाही. आकडा पाहिला, ताटली काढून पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिला. मग तराजू फिरवून स्मितासमोर ठेवला.

दुप्पट होतं.

एकच काडतूस. डब्याच्या मधल्या ओळीतलं, बाकीच्यांसारखंच चकचकीत. त्या डब्यावर कोणाचं नाव नव्हतं. सामन्याच्या दिवशी जो हात पुढं करील त्याच्या हातात ते गेलं असतं. हुदाचा धाकटा भाऊही त्या सामन्यात उतरणार होता, हे स्मिताला आत्ता आठवलं. हुदाला ते आधीच आठवलं असावं, कारण ती खुर्चीत मागं टेकून छताकडं पाहत होती.

“माफ कर गं मला,” स्मिता म्हणाली. हिंदी सोडून मराठीतच बोलून गेली होती, पण हुदाला कळलं.

“राहिलेले डबे आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “यल्ला, चला.”

राहिलेले डबेही त्यांनी फोडले. त्यात काही निघालं नाही. स्मितानं ती दुप्पट दारू एका कागदावर घेतली, शेजारी दुसऱ्या कागदावर बरोबर माप ठेवलं आणि ताहिरांना बोलावलं. ते दोन्ही कागदांवर वाकले. दोन लहानशा ढिगांत फरक तो कितीसा, ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी तिथूनच कमिटीला फोन लावला आणि सामना दोन आठवडे पुढं ढकलला. कारण विचारलं तेव्हा त्यांनी स्मिताचं नाव घेतलं नाही. काडतुसं नव्या दारूनं भरायची आहेत, एवढंच म्हणाले. फोन ठेवून ते तिच्याकडं वळले.

“कुठली म्हणत होता तुम्ही?”

तिनं फुललेल्या दारूची बरणी कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

पहिलं माप तिनं हुदाला ओतायला सांगितलं आणि म्हणाली, आता त्याच केसमध्ये आणखी एक ओत. हुदा बिचकली. ओत म्हटल्यावर तिनं ओतलं. केस काठोकाठ भरली आणि उरलेली दारू भुरभुरत ठोकळ्यावर, तिथून टेबलावर पसरली. आंधळ्यालाही बोटांनी कळावं असं ते होतं. हुदानं बोट फिरवून पाहिलं. मग ती हसली, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्या खोलीत हसलं.

त्यानंतर ओतणं हुदाचं आणि तपासणंही हुदाचं. स्मिता शेजारी खुर्ची टाकून बसे. एका वेळी एकच बरणी टेबलावर ठेव, दुसरी कपाटात कुलपात; ओतताना फोन आला तर वाजू दे; मध्ये उठावंच लागलं तर ठोकळा रिकामा करून पहिल्यापासून भर. असं काहीबाही आठवेल तसं सांगे. हुदा ऐके. कधी कधी स्मिताला बसल्या बसल्या डुलकी लागायची. जागी झाली की हुदा आपली टॉर्च घेऊन एकेक केस पाहत असलेली दिसायची, आणि स्मिता पुन्हा डोळे मिटायची.

सामना झाला. सभासदांनी कुरकूर केली, धूर होतो म्हणाले, झटका जाणवतो म्हणाले. एका म्हाताऱ्या सभासदानं काळे झालेले हात ताहिरांना नेऊन दाखवले. ताहिरांनी त्यांना साबण कुठं ठेवलाय ते सांगितलं. हुदाच्या भावाचा नंबर बराच खाली लागला आणि त्यानं खापर दारूवर फोडलं. हुदा म्हणाली, फोडू दे.

संध्याकाळी स्मिता फाटकाशी उभी होती. माळावरून गार वारा येत होता. शैलेंद्रची गाडी आली तशी ती आत बसली, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. कसं झालं, त्यानं विचारलं.

“झालं,” ती म्हणाली. “सगळ्यांचे हात काळे झाले.”

तो आणखी काही विचारणार होता. पण गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तिची मान खिडकीकडं कलली होती. त्यानं रेडिओ बंद केला आणि गाडी सावकाश चालवत राहिला.