पिन मारली की तोंड बंद

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे, आणि चावणं हे माझं काम आहे. माझा रंग कधीकाळी निळा होता. आता पाठीवर तेवढा थोडा उरलाय. शहागंजात बद्रीनाथांचं मेडिकल आहे, त्याच्या काउंटरवर माझं सगळं आयुष्य गेलं.

जन्म कारखान्यात झाला. कुठल्या, ते विचारू नका, डोळे उघडले तेव्हा मी खोक्यात होतो. सुरुवातीची वर्षं फार कंटाळवाणी गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीला बिल जोडायचं, एवढंच काम. कागदाला चावण्यात काही मजा नाही. कागद बिचारा चावून घेतो आणि गप्प बसतो.

मग प्लास्टिकबंदी आली. काळ्या पिशव्या गेल्या, आणि माझे दिवस आले.

तुम्ही आता मोठे झालात म्हणून सांगतो. मेडिकलमध्ये एक गिऱ्हाईक असं येतं की, जे दुकान रिकामं व्हायची वाट बघत उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतं. मग मान खाली घालून म्हणतं, "ते द्या." निरोधचं नाव कुणी घेत नाही. बद्रीनाथही घेत नाहीत, ते त्याला 'सामान' म्हणतात. पूर्वी सामान काळ्या पिशवीत जायचं. पिशव्या बंद झाल्यावर गिऱ्हाईक कासावीस झालं. शहागंजातून हातात ते पाकीट घेऊन जायचं कसं? तेव्हा बद्रीनाथांनी युक्ती काढली. सुटी पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळायची, घट्ट घडी घालायची आणि वरून मला दाबायचं. पुडी हातात देताना ते हसून म्हणायचे, "पिन मारली की तोंड बंद."

मला या कामाची फार गोडी लागली. आधी कागद लागायचा, मग गुळगुळीत पाकीट, आणि त्याच्या आत काहीतरी मऊ. त्या मऊ गोष्टीत दात रुतवताना जे सुख मिळायचं, ते बिलात कधी मिळालं नाही. घरी गेल्यावर घाईत पुडी फाडली जात असणार. पिन कागदाबरोबर निघून जाते आणि भोक मागे राहतं. हे मला माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी काही आपणहून सांगणाऱ्यातला नाही. उलट माझं कौतुकच झालं. बद्रीनाथ शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "या स्टेपलरनं माझ्या गिऱ्हाइकांची अब्रू राखली." त्या दिवशी त्यांनी मला कापडानं पुसलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

आमच्या या गिऱ्हाइकांत राजकुमार नावाचा एक जण होता. चितेगावच्या कंपनीत मशीन चालवायचा. तिकडच्या मेडिकलमध्ये सगळे ओळखीचे, म्हणून सामान घ्यायला एवढ्या लांब शहागंजात यायचा. एकदा तो स्वतःहून बोलला, "पोरगी अजून अंगावर पिती, शेठ. इतक्यात दुसरं नको म्हणती बायको. लई अशक्त झाली ती." बद्रीनाथांनी मान डोलावली, घडी घातली आणि मला दाबलं. मी मन लावून चावलो.

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. दाढी वाढलेली. गर्दी असूनही थांबला नाही.

"शेठ, हे सामान फेल जातं का कधी?"

"फेल?" बद्रीनाथांनी चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, कंपनीचा माल हाय. आपल्या दुकानातून गेलेलं आजपर्यंत कुणी परत आणलं नाय."

मी मनात हसलो. असा माल परत आणायची हिंमत कुणात असते? कुठलंच साधन शंभर टक्के नसतं, हे पाकिटावरही बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण ते वाचणार कोण?

"मग बायकोला दिवस कसे गेले?" राजकुमार हळूच म्हणाला.

बद्रीनाथांना सांगता आलं असतं की, भाऊ, होतं असं कधीकधी. पण मागं चार गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती, आणि दुकानाच्या नावाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "ते मला काय इचारता? घरी इचारा."

मागचं कुणीतरी फिसकन हसलं. राजकुमारचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, त्या दिवशी बद्रीनाथांनी मला हातही न लावता पिन मारली. इतकी खोल पिन मला उभ्या जन्मात जमली नाही. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

पुढं काय झालं ते मला त्याच्या बायकोकडूनच कळलं. एका सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. हँडलला कपड्यांची पिशवी अडकवलेली. मागून एक बारीकशी बाई उतरली, कडेवर मुलगी. तिच्या मागून खाली मान घालून राजकुमार. ही संध्या. तो तिला माहेरी, पिशोरला, सोडायला निघाला होता. कायमचं. वाटेत गाडी तिनंच इथं थांबवायला लावली.

तिनं एक न उघडलेली पुडी माझ्याशेजारी ठेवली. "काका, ही तुमच्याच दुकानातली नं?"

बद्रीनाथ चपापले. "असंल."

"कपाटात शेवटची राहिली होती. ही पिन तुमचीच?"

"ताई, हे असं चारचौघात..."

"माझी अब्रू चारचौघातच गेली, काका. सासूबाई गल्लीभर सांगू लागल्या, पोरगं आमचं नाय म्हणून. ह्यांनी महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. कोण येतं घरी, कुणासंगं बोलती, पोरीला इचारत होते. बोलता येत नाय अजून तिला." तिनं कडेवरच्या मुलीला सावरलं. "घरी ही पिन दाखवाया गेले तर ह्यांनी हात झटकला. ही मेघा कुणाची, हे बी इचारलं ह्यांनी मला."

तिनं कागद सोलला. पिन पाकिटाच्या मधोमध होती, माझं काम नेहमीच नेटकं. तिनं ती काढली, पाकीट फाडलं, आतली वस्तू सगळ्यांसमोर हातात धरली आणि बद्रीनाथांच्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं.

पाण्याच्या बारीक धारा उडाल्या. बद्रीनाथांच्या शर्टावर, औषधांवर, माझ्या अंगावर. कडेवरची मेघा खुदकन हसली आणि धारेत बोट घालू लागली. दुकानात दुसरं कुणी हसलं नाही.

"बघा," संध्या नवऱ्याला म्हणाली. "आता सांगा, कुणाचं हाय?"

राजकुमारनं धारांकडे बघितलं, मग रस्त्यावर जमलेल्या लोकांकडे. मला वाटलं, आता हा रडणार, पाया पडणार. तो म्हणाला, "झाक ते आधी. लोक बघू लागले."

तिनं ती वस्तू काउंटरवर टाकली आणि पदरानं हात पुसले.

"चल," तो खाली बघत पुटपुटला. "घरी चल. मी समजावतो आईला."

"नाय," ती म्हणाली. "गाडी पिशोरलाच घ्या."

ती जाऊन मोटारसायकलजवळ उभी राहिली. त्याला किल्ली लावता लावेना.

तेव्हापासून माझी हालत वाईट आहे. त्या पाण्यानं माझी स्प्रिंग गंजली. दाबलं की कण्हतो. बद्रीनाथ आता पिन कडेला मारतात, म्हणजे आठवण राहिली तर. घाईत राहत नाही. मला तेल द्यायची आठवण तर त्यांना कधीच होत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून एकच विनंती. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, महिन्याला तेलाचा थेंब द्या. आणि शहागंजातून पुडी नेलीत, तर ती उजेडात उघडून बघा. नाही बघितलीत तरी माझी काही तक्रार नाही. तुम्ही बायकोलाच विचाराल, आणि मी इथंच असेन.