कुजकी ठरवलेली फळी

मित्रांनो, होडीवर चढायला लावतात ना, तसली मी एक जुनी फळी आहे. कुजलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण एका माणसाने माझ्यावर तसा आळ घेतला, आणि मला तोंड नाही म्हणून तो मुकाट गिळावा लागला.

सुताराने मला घडवलं ते मन लावून. पाच हात लांब, दोन वीत रुंद, आणि पाय घसरू नये म्हणून अंगावर आडव्या पट्ट्या. बाकी कामात आळशी होता तो, पण मला चारही अंगांनी तेल पाजलं आणि म्हणाला, "हिच्यावरनं बैल गेला तरी कण्हणार नाही." बैल कधी आला नाही. माणसं आली, आणि तीच जास्त जड निघाली.

आमची होडी सहलीला भाड्याने देतात. आत छोटी स्वयंपाकाची जागा, झोपायला आठ बाकं. माझं एक टोक धक्क्यावर, दुसरं होडीवर. अर्धी जमिनीची, अर्धी पाण्याची, आणि कुणाच्याच घरची नाही. माणूस तोंडाने काहीही बोलो, त्याचे पाय खोटं बोलत नाहीत. घाबरट, उतावळा, घरून भांडून आलेला, सगळे मला टाचेवरून कळतात.

एक कुटुंब दर वर्षी आठ दिवसांसाठी यायचं. त्यातली आई सगळ्यांच्या आधी चढायची. कडेवर मुलगा, हातात पातेलं, आणि मागे वळून नवऱ्याला बोलणं चालूच, "या आता, फळीनं काय आमंत्रण द्यायचं का?" परत जाताना ती मला ओल्या फडक्याने पुसायची. भाड्याच्या होडीची फळी कोण पुसतं हो? नावाडी हसायचा. ती म्हणायची, "पाय दिलाय तिच्यावर. एवढं तरी करू दे." त्या एका वाक्यावर मी पुढचं वर्ष काढायची.

नवरा गेला, सून आली, नातवंडं झाली, आई आजी झाली. तिचं येणं थांबलं नाही. मग होडीला चकचकीत शिडी आली, उभी आणि अरुंद. मला सामानाला जुंपलं. तेल बंद झालं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, या शिडीचे सहा वर्षं झाली तरी संपेनात. आजीला तेवढी शिडी जमत नसे. मग तीही सामानाच्या वाटेने, माझ्यावरून, ऐटीत चढायची.

यंदा निघायच्या दिवशी मुलगा एकटाच आधी आला. नावाड्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मेहुणी येतेय, नवरा-मुलांना घेऊन. जागा आठ, माणसं नऊ. आई आली की सांगा, फळी कुजलीये."

"फळी ठणठणीत आहे, साहेब."

"मला माहितेय. तुम्ही फक्त सांगा."

नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथे नाचायचंच नव्हतं, तरी वाकडी ठरले मी.

सगळे आले. मेहुणीचं बिऱ्हाड शिडीने चढलं, मागोमाग सून आणि नातवंडं. शेवटी आजी. नवी चप्पल, हातात औषधांची पिशवी.

नावाडी जमिनीकडे बघत म्हणाला, "आजी, यंदा फळी कुजलीये."

"पाय मोडला म्हणजे काय करायचं, आई?" मुलगा म्हणाला. "मी तुला गाडी करून देतो. पुढच्या वर्षी नवी फळी करून घेऊ."

होडीतली सून चपलेचा पट्टा लावू लागली. लावलेलाच होता तो.

आजी धक्क्यावरच्या बाकावर बसली. तेवढ्यात दोन हमालांनी गॅसची टाकी उचलली आणि माझ्यावरून नेली. त्या बिचाऱ्यांना कुणी पढवलं नव्हतं. मग बर्फाची पेटी गेली, मग पाण्याचे कॅन. शेवटी एक आडदांड गडी डोक्यावर टेबल घेऊन दाणदाण चालत गेला. मी कण्हले नाही. इतकी ताठ मी आयुष्यात राहिले नव्हते.

"हा गडी किती किलोचा असेल रे?" आजीने मुलाला विचारलं.

"आई, ते सामान आहे..."

"हो. सामानाला जागा आहे."

ती उठली आणि कुणाचा हात न धरता माझ्यावर चढली. किती हलकी झाली होती बाई. माझं नाव पुढे करून हिला अडवलं, याची मला लाज वाटली. होडीत तिने पाऊल टाकलंच नाही. माझ्या टोकाशी थांबून पिशवी सुनेच्या हातात दिली. "धाकट्याला झोपताना अर्धा चमचा. रडला तरी दे." आणि वळून परत आली.

"आई, चढलीच आहेस तर चल ना. करू काहीतरी."

"शाळेत गेले नाही, पण नऊपर्यंत मोजता येतं मला. जागा नाही म्हणाला असतास, तर घरूनच तुमचे डबे भरून दिले असते. खोटं बोललास, आणि तेही बिचाऱ्या लाकडाच्या नावावर."

मुलगा शिडी चढला. नावाड्याने मला धक्क्यावर ओढून घेतलं. होडी सुटली. नातवंडांनी हात हलवला, तिने हलवला. मुलाने हलवला, तेव्हा ती पाठ फिरवून चालू लागली होती. गाडी तिने केली नाही.

मित्रांनो, लाकडाला तेलपाणी करा, उन्हापावसात टाकून देऊ नका, हे माझं मागणं आहेच. जपलं तर आम्ही तीन पिढ्या पुरतो. पण एखाद्याला बरोबर न्यायचं नसेल, तर त्याच्या तोंडावर सांगा. तो रुसेल, चार शब्द बोलेल, आणि विसरेल. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंच्या आड लपू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण वजन पेलताना आम्ही सगळ्यांना दिसतो.