कमलाबाई पाण्यात उतरतात

साडी नेसून पाण्यात जाता येत नाही, हे भाड्याचे कपडे देणाऱ्या बाईनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आनंदला मनातून बरंच वाटलं. त्यानं लगेच आईला समोरच्या पत्र्याच्या सावलीतला बाक दाखवला. वर पंखा आहे, प्यायचं पाणी जवळ आहे, पिशव्यांवर लक्षही राहील, असं तो म्हणाला. कमलाबाईंनी बाकाकडे एकदा पाहिलं, मग खिडकीशी वाकून त्या बाईला विचारलं,

"बेन, मारा मापनुं कांई छे?"

बाईनं त्यांना डोळ्यांनीच मापलं आणि मागच्या फळीवरून निळ्या-काळ्या नायलॉनच्या कपड्यांची एक जोडी काढून समोर ठेवली. आनंद, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी मोहना, तिघंही त्या कपड्यांकडे बघत राहिली.

कमलाबाई शितोळे सदुसष्ट वर्षांच्या होत्या. बडोद्याच्या तरसाली भागात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे झिजलेले. सासरे-आजेसासरे राजाच्या पागेत स्वार होते असं घरात सांगत. नवरा मोहनराव एसटीत कंडक्टर होते. कमलाबाईंनी स्वतः एकोणतीस वर्षं बडोद्यातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम केलं. मूल जन्मलं की नर्स ते त्यांच्या हातात देई आणि त्या त्याला पहिली आंघोळ घालत. किती मुलं झाली, हे त्यांना कुणी विचारलं तर त्या हसून हात हलवत. आकडा त्यांनाही माहीत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मोहनराव न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ते अंथरुणातून उठलेच नाहीत. दीड महिन्यात गेले. त्यानंतर आनंदनं घराची रीतच बदलली. न्हाणीघरात रबराच्या चटया आल्या, भिंतीला दांड्या आल्या. आई आंघोळीला गेली की तो दाराबाहेर उभा राही आणि दर दोन मिनिटांनी हाक मारी. जिना उतरायचा तर त्याच्याबरोबरच, आणि तो अलकापुरीच्या कचेरीतून सातला घरी येई. मग कमलाबाईंनी जिना उतरणंच सोडलं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या काळजीत काही खोट नव्हती, म्हणूनच त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

आजची सहल मोहनाच्या हट्टानं ठरली होती. परीक्षा संपली होती आणि तिला शहराबाहेरच्या मोठ्या वॉटर पार्कमध्ये जायचं होतं. आजी आली नाही तर मीही जाणार नाही, असं तिनं सांगितलं. सकाळी सगळे रिक्षातून निघाले. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे स्नेहलनं केलेली मेथीची ढेबरी दारातल्या कडुनिंबाखाली उभ्यानंच खाऊन झाली.

आत शिरल्यापासून कमलाबाईंचं कुणाच्याच बोलण्याकडे लक्ष नव्हतं. लाल, पिवळे, हिरवे असे तीन-तीन मजली घसरगुंड्यांचे नळ आकाशातून वेटोळी घेत खाली आले होते आणि त्यांच्या तोंडांतून माणसं पाण्यात येऊन पडत होती. मोठी माणसं, मिशावाली, पोट सुटलेली. एका झाडाएवढ्या बादलीत पाणी साचत होतं, ती कलंडली की खाली उभे असलेले शंभर लोक एकदम किंचाळत होते. इतक्या माणसांचं ओरडणं कमलाबाईंनी जन्मभर ऐकलं होतं, पण ते वेदनेचं असे. केवळ मजेसाठी माणसं एवढ्या जोरानं ओरडू शकतात, हे त्यांना आजच कळत होतं. त्या थांबून थांबून ऐकत होत्या.

आणि मग त्यांना तो लाटांचा तलाव दिसला. एका बाजूला जमिनीला हळूच उतार होता आणि त्या उतारावरून निळं पाणी सुरू होत लांबवर गेलं होतं. पायरी नाही, कठडा नाही. चालत चालत आत जायचं. तिथंच त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं असावं, कारण कपड्यांच्या खिडकीकडे त्या न सांगताच वळल्या होत्या.

आनंदनं समजावून पाहिलं. जमीन निसरडी असते, धक्काबुक्की होते, गुडघा मुरगळला तर काय करायचं. शेवटी त्यानं स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलला संकोच वाटत होता, सासूबाईंना अशा कपड्यांत तिनं कधी मनातही आणलं नव्हतं. पण ती म्हणाली, "अहो, जाऊ द्या त्यांना. मी आहे ना बरोबर."

एकोणिसाव्या वर्षी लग्न झाल्यापासून कमलाबाईंनी साडीखेरीज काही नेसलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत घोट्यापर्यंतची घट्ट विजार आणि लांब बाह्यांचा सदरा चढवून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. आपल्या पायांचा आकार त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. सुजलेले गुडघे नायलॉनमधून स्पष्ट दिसत होते. स्नेहलनं त्यांचा अंबाडा सोडून रबरी टोपीत केस बसवले. टोपी कपाळाला करकचून बसली, तेव्हा आरशात दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनाही हसू आवरेना. सासूसुना अशा एकत्र हसल्याला बराच काळ लोटला होता.

आनंदला पँट-शर्टात पाण्यात जाऊ देईनात, त्यामुळे तो काठाच्या पिवळ्या पट्ट्यापाशी थांबला. स्नेहल आणि मोहना कमलाबाईंच्या दोन्ही बाजूंनी चालत होत्या. पाणी घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. गुडघ्यांपर्यंत आलं तेव्हा कमलाबाई थबकल्या. कंबरेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी सुनेचा हात सोडला.

दुखणं थांबलं होतं. कमी झालं नव्हतं, थांबलंच होतं. अकरा वर्षं प्रत्येक पावलाला जे दुखत आलं होतं, ते आता शोधूनही सापडेना. त्यांनी एक पाऊल टाकून पाहिलं, मग दुसरं. मग पाण्यात एका जागी उभं राहून लहान मुलीसारख्या तीन-चार उड्या मारल्या. मोहना आश्चर्यानं बघतच राहिली. कमलाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभं असावं तसा तो चेहरा झाला होता.

दुपार कामाच्या दिवसाची, गर्दी बेताची. लाटा अर्ध्या तासानं सुटायच्या होत्या, पाणी शांत होतं. तिथं लाल टोपी घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी पाण्यात उभी राहून पहारा करत होती. वीस-बावीस वर्षांची असेल. तिनं कमलाबाईंच्या उड्या पाहिल्या होत्या. जवळ येऊन तिनं विचारलं की बा, पाण्यावर झोपून बघायचंय का? कमलाबाईंनी मान हलवली. स्नेहल काही बोलणार तोवर त्या मुलीनं एक हात त्यांच्या पाठीखाली आणि दुसरा डोक्याखाली घातला.

कमलाबाईंची मान ताठ होती. पाय खाली जाऊ पाहत होते.

"बा, माथुं ढीलुं मूको," ती मुलगी म्हणाली. "हुं छुं ने."

तिचा तळवा कवटीच्या मागच्या खोलगट भागाला बरोबर टेकला होता, अंगठा आणि मधलं बोट कानांच्या मागे. ही पकड कमलाबाईंच्या ओळखीची होती. एकोणतीस वर्षं त्यांनी हाताच्या अशाच पंजावर मुलांची डोकी तोलली होती, आणि त्या प्रत्येकाला मनातल्या मनात हेच सांगितलं होतं, की बाळा, मान सोड, मी आहे. त्यांनी मान सोडली.

कान पाण्याखाली गेले आणि सगळं ओरडणं एकदम थांबलं. वर नुसतं आकाश होतं. आत कुठंतरी त्यांचाच श्वास येत-जात होता, एवढा मोठ्यानं त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. हात कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं हे कळेना. इतकी मुलं हातांखालून गेली. रडत आलेलं मूल कोमट पाण्यात धरलं की अवचित गप्प होई, डोळे उघडून वर पाही, आणि त्या क्षणी त्याला काय वाटत असेल याचा त्यांनी कधीच विचार केला नव्हता. आता त्यांना ते कळलं. सदुसष्ट वर्षांनी कळलं. छाती भरून आली आणि छाती भरल्यामुळे त्या पाण्यावर आणखी थोड्या वर आल्या.

काठावरून आनंदला एवढंच दिसलं की आई आडवी झालीय, हलत नाही, आणि लाल टोपीवालीनं तिला धरलंय.

त्यानं हाक मारली. आईनं वळून पाहिलं नाही. तो बुटांसकट पाण्यात धावला, एकदा घसरून हातांवर पडला, उठून पुन्हा धावला. कुणीतरी शिट्टी वाजवली. स्नेहल हातानं थांबा, थांबा म्हणत होती. तो पोहोचला तेव्हा त्या मुलीनं कमलाबाईंना उभं केलं होतं. आनंदच्या पँटचे पाय भिजून काळे पडले होते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण चेहरा पार उतरला होता.

कमलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं तो न्हाणीघराच्या दाराबाहेरून हाका मारत होता, तेव्हा त्याचा चेहरा त्यांना कधी दिसला नव्हता. तो असा असेल, हे त्यांना आज समजलं.

"कपडे बदलून ये," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी इथंच आहे."

तो गेला, आणि खरंच भाड्याचे कपडे घालून परत आला. गुडघ्यापर्यंतची चड्डी, पिवळा सदरा, पोटावर घट्ट बसलेला. स्नेहलला काय वाटलं कोण जाणे, ती मोहनाला घेऊन घसरगुंड्यांकडे निघून गेली. मायलेक कंबरभर पाण्यात एकमेकांसमोर उभे राहिले. कमलाबाईंनी त्याला पाठीवर झोपायला सांगितलं. त्यानं दोनदा नकार दिला. मग त्यांनी सरळ त्याच्या मानेमागे हात घातला आणि तो, लहानपणी ऐकायचा तसा, ऐकता झाला.

त्याचं डोकं त्यांच्या पंजात आलं. त्यांनी दुसरा हात पाठीखाली लावला आणि त्या थक्कच झाल्या. ऐंशी किलोचा मुलगा पाण्यावर तीन किलोचा झाला होता. मात्र मान ताठ होती. दगडासारखी ताठ.

त्यानं आकाशाकडे बघत, जणू त्यांना सांगतच नसल्यासारखं म्हटलं, "त्या दिवशी बाबांच्या आधी मी आंघोळ केली होती. साबण सांडला होता. मला उशीर झाला होता, फरशी तशीच टाकून गेलो."

पाण्यात कुणाचा तरी चेंडू तरंगत जवळ आला आणि परत गेला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"तुला कसं?"

"घरात मीच होते ना. फरशी मी पाहिली होती. पोळ्या झाल्या की पुसू म्हटलं."

त्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. त्यांनी पंजानं त्याचं डोकं हलकेच सरळ केलं.

"सोड," त्या म्हणाल्या. "मान सोड, नंदू."

आधी काहीच झालं नाही. मग मानेतली एक शीर ढिली झाली, मग खांदे, आणि शेवटी सगळं डोकं त्यांच्या तळव्यावर विसावलं. त्याचे कान पाण्याखाली गेले. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिथं सगळंच पाणी होतं. कमलाबाईंनी हात तसाच धरून ठेवला. हाताला काही जड वाटत नव्हतं.

भोंगा वाजला. सगळीकडून पोरं ओरडत आली, मोहनाही धावत आली. तलावाच्या दूरच्या भिंतीपाशी पाणी फुगलं आणि पहिली लाट येऊन सगळ्यांना जमिनीवरून उचलून पुन्हा खाली ठेवून गेली. मग दुसरी. कमलाबाईंनी प्रत्येक लाटेला पाय सोडून दिले. आपल्याला असं कुणीतरी अलगद उचलतंय, याचं आश्चर्य त्यांना शेवटच्या लाटेपर्यंत पुरलं.

मग पाणी शांत झालं, आणि निघायची वेळ झाली.

त्या उतारावरून बाहेर येऊ लागल्या. पाणी कमरेखाली गेलं तेव्हा पाठ जाणवली. गुडघ्यांखाली गेलं तेव्हा दोन्ही गुडघे, आधी डावा, मग उजवा, आपापल्या जागी परत आले. पाऊल पावलागणिक जड होत गेलं. घोट्याएवढ्या पाण्यात त्या थांबल्या. पुढं दोन हातांवर कोरडी फरशी होती आणि उन्हात तापून चमकत होती. स्नेहल टॉवेल घेऊन उभी होती. कमलाबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, ओली टोपी डोक्यावर, दोन्ही हात बाजूंना मोकळे. मग त्यांनी आपलं सगळं वजन उचललं आणि पाण्याबाहेर पाऊल ठेवलं.