वच्छलाबाईंचं पहिलं कार्ड

देऊळगावच्या वाचनालयाबाहेर मी दर बाजाराच्या दिवशी फळा लावत असे. त्यावर तीन सूचना: एक लेखनाची, एक व्यायामाची, एक चांगल्या राहणीची. नागपूरहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा फळ्याचं कौतुक केलं होतं आणि तेव्हापासून मला जरा चढलंच होतं. 'रोज शंभर जोर काढावेत' असं लिहिणारा मी स्वतः वाचनालयाच्या पाच पायऱ्या चढताना एकदा दम खायचो, पण ते फळ्यावर लिहायची गरज नव्हती. लोक फळ्याच्या खांबाला बैल बांधायचे. वाचत मात्र कोणी नसे, याचा मला भयंकर राग यायचा.

एका बाजारी वच्छलाबाईंनी वांग्यांची टोपली उतरवली आणि त्या अक्षरावर बोट ठेवत फळा वाचू लागल्या. त्यांची लेक कोकिळा माझ्या शाळेत होती, तेव्हा तिच्या पाटीवरून त्या अक्षरं ओळखायला शिकल्या होत्या.

"मास्तर, 'रोज एक ओळ लिहावी' म्हनता. पन लिहावं काय?"

"मनात येईल ते."

"मनात एकच हाये. कोकिळाले पत्र."

मग सगळं कळलं. कोकिळाला सुलतानपूरला दिली होती. दोन वर्षं सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नव्हतं. तिचं कार्ड यायचं, ते वच्छलाबाईंचे दीर कडूबा ओट्यावर बसून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं वाचायचे. उत्तरही तेच लिहायचे. त्यामुळे पोर दर वेळी एवढंच लिहायची, 'मी खुशाल आहे.'

"ती खरंच खुशाल हाये का, मास्तर? मायले समजू नये का?"

मी त्यांना टाक धरायला शिकवलं. पुढचे तीन महिने त्यांनी एकही बाजार चुकवला नाही. फळ्यावर लेखनाचं जे असेल ते तंतोतंत पाळायच्या. व्यायामाच्या सूचनेवर मात्र हसायच्या. "जोर बैलाले सांगा. माह्या घरी जातं हाये." मी चिडलो, आणि पुढच्या बाजारी ती सूचना गुपचूप पुसली.

शेवटी कार्ड लिहायचा दिवस उजाडला. मी मायना सांगू लागलो, तर त्यांनी तो उडवूनच लावला. "मी तिले कोके म्हनते." ओठ दाताखाली धरून त्यांनी चार ओळी लिहिल्या. शेवटच्या अक्षराला टाक झटकला गेला आणि वरच्या कोपऱ्यात शाईचा हा एवढा डाग पडला. मी तेव्हा आत पुस्तकं लावत होतो. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. त्या आठवड्याची सूचना माझीच होती: 'डागाळलेला कागद कोणापुढे ठेवू नये, डागाचा भाग काढून टाकावा.'

मी बाहेर आलो तेव्हा कार्ड टपालपेटीत पडलं होतं.

"कोपरा असा सरळ फाडला मास्तर, पाहत राहिले असते तुमी!"

आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड मयताची बातमी घेऊन जातं. असं कार्ड पुरुषच घेतात, दारातच फाडून फेकतात. वच्छलाबाईंच्या हाती ते कधी आलंच नव्हतं. त्यांना घरातून नुसतं रडणं ऐकू यायचं. मी पोस्टापर्यंत पळालो. थैली निघून गेली होती.

सांगितल्यावर त्या ओरडल्याच. "माही पोर धसका खाईन हो!" आम्ही लगेच दुसरं कार्ड टाकलं, पण ते पहिल्याच्या मागे कसलं पोहोचतंय? मी इतका खजील झालो होतो की रोज त्यांच्या दारी चक्कर मारायचो.

चौथ्या दिवशी वेशीतूनच हंबरडा ऐकू आला. बैलगाडीतून कोकिळा उतरली, दारात आईला उभी पाहिली आणि रडता रडता ती थांबली. सोबत तिचे सासरे होते. फाटका कोपरा दिसताच त्यांनी कार्ड न वाचता फेकलं होतं आणि गाडी जुंपली होती. कोकिळाने ते उचललं होतं, पण वाचायचा धीर तिला झाला नव्हता.

"वाच आता," वच्छलाबाई म्हणाल्या.

कोकिळाने कमरेचं कार्ड काढलं. तिचे गाल बसलेले, डोळे पिवळट होते.

'कोके, हे मी लिवलं. आता तुहं पत्र मीच वाचीन. कोनाले ऐकू जानार नाई. बरी हायेस का?'

सासरे रागाने लाल झाले होते. मी पुढे होऊन चूक माझी म्हणून कबूल केलं, त्यांची बोलणी खाल्ली. ओट्यावर कडूबा खाली मान घालून बसले होते.

कोकिळाने कार्ड दोनदा वाचलं. मग मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणाली, "नाई आई. मी बरी नाई. सा महिन्यापासून दिसाआड ताप येते."

सासऱ्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. त्यांचा राग उतरला. "राहू द्या तिले इथं, बरी होईस्तोर," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी लेकीला छातीशी धरलं आणि इतके दिवस आवरलेलं रडू मोकळं सोडलं. पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलाच्या पुड्या मिळतात. मी त्या आणायला निघालो आणि वाटेत मीही रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.