भिंतीवरच्या खुणा

मी तोंडाळ बाई हाय, हे अख्ख्या शिरूर कासारला ठाऊक हाय. त्याची लाज मला कधी वाटली न्हाई. औंदा वाटली.

आमच्या मालकांना, निवृत्तीला, माघात उसाच्या फडातच लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडलं. बीडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला अन म्हणले, "रोज व्यायाम करून घ्या, हात उठेल." तेवढं मी मनाशी गाठ मारून ठेवलं.

ऊसतोडीला एकटं माणूस चालत न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणत्यात, अन आमचा मुकादम अर्ध्याचं नाव लिहीत न्हाई. दसऱ्याला तोडीच्या टोळ्या निघत्यात. तवर मालकांचा हात उठला न्हाई, तर माझ्या जोडीला कोण? सुकन्या. माझी एकुलती एक लेक, औंदा दहावीला, वर्गात पहिली. तिच्या हातात कोयता द्यायचा न्हाई म्हणून मी इरेला पेटले.

रोज सकाळी मालकांना भिंतीशी उभं करायचे. हात जिथवर जाईल तिथं गेरूनं खूण. चैत्रात बेंबीपाशी, वैशाखात छातीपाशी, जेठात खांद्यापाशी. खांद्याची खूण केली त्या दिवशी मी गल्लीत साखर वाटली.

आखाडात खूण खाली आली. श्रावणात आणखी खाली. पाय फरफटायला लागला, दोन शब्द सलग बोलायचे ते एकेका शब्दावर आले. जेठात जमलेलं आता कसं जमत न्हाई? मला वाटलं, सोंग करत्यात. फडात असली माणसं मी लई बघितलीत, ऊन वाढलं की कंबर धरून बसणारी. लागले की बोलायला! "अवो, बसून भाकर गोड लागती व्हय? पोरीला फडात घालायचंय का?" एकदा तर मी म्हणले, हात खांद्याच्या खुणेला लागल्याबिगर च्या न्हाई. कप समोर धरला. त्यांचा हात छातीपर्यंत आला अन गळून पडला. "ह्यो... ऐकत... न्हाई," एवढंच म्हणले. मी तो च्या मोरीत ओतला.

भादव्यात सुकन्यानं हट्ट धरला अन आमाला परत बीडला नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो काढून जुन्याशेजारी लावला. लई वेळ बघत बसले.

"ताई, यांना दुसरा झटका आलेला नाही. पहिली जखम आहे तेवढीच आहे. पण तिच्याशी जोडलेला मेंदूचा लांबचा भाग या काही महिन्यांत सुकत गेलाय. काही जणांना असं होतं."

विहिरीपाशी पाइप फुटला की लांबच्या वाफ्यातलं पीक मागनं वाळतं. तेवढं मला कळलं.

"म्हंजे... ते सोंग न्हाई?"

"सोंग?" डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "ते तर जीव तोडून हात उचलत असतील. व्यायाम सोडू नका. पण हात पुन्हा खांद्यापर्यंत जाईल, असं मला सांगता येणार नाही."

घरी येऊन मी च्या केला, कप त्यांच्या तोंडाला लावला अन ढसाढसा रडले. ते निस्ते भिंतीकडं बघत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा मुकादम, युवराज, नावं लिहायला आला. मी बाहेर येऊन बघते तर काय, मालक दारात उभे! उजव्या मुठीत कोयता, वरून फडकं घट्ट आवळलेलं. कुणी बांधून दिलं, ते सुकन्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

"कोयता... पुरा," मालक म्हणले. अन हात उचलला. छातीपर्यंतसुद्धा गेला न्हाई. फडकं सुटलं, कोयता उंबऱ्यावर पडला.

"वैनी, कशाला जिवाशी खेळताय," म्हणत युवराजनं वही मिटली.

सुकन्यानं वाकून कोयता उचलला. "काका, माझं नाव लिहा."

युवराजनं माझ्याकडं बघितलं. मालकांनी बघितलं. मान हलवत होते ते, न्हाई, न्हाई. पण इथं राहून तिघांनी काय खायचं होतं? ज्या तोंडानं मी दोन महिने आजारी माणसाला सोलून काढलं, त्या तोंडातून 'न्हाई' एवढा एक शब्द निघाला न्हाई.

युवराजनं नाव लिहिलं.